केळी का कापली?

केस कापायला मान खाली घातली की माणूस बोलायला लागतो. केस संध्याकाळी झाडून टाकता येतात, बोलणं मात्र साचत जातं. त्यात तालुक्याच्या सबजेलमध्ये कटिंग करायला मलाच बोलावतात!

मी आठवीत शाळा सोडली. अनोळखी माणसाशी बोलायला अजून लाजतो. पण सध्या तिथे प्रत्येकाला विचारतो, "का केलं?" कारण माझा मोठा भाऊ, भास्करदादा, तिथेच आत आहे. जिवलग मित्राची, सुकदेवची, केळीची बाग त्याने कोयत्याने कापली. ती लावली, वाढवली होती दादानेच.

सुकदेव म्हणतो, "का केलं तेवढं सांगू दे. मी जामिनाला आडवा येणार नाही." दादा गप्प. आई झाडांच्या बाजूने रोज मला विचारते, "त्या झाडेस्नी त्यानं काय बिघाडं व्हतं?"

*

एक पोरगा मोटारसायकली चोरायचा. विकायचा नाही! सोनगीरपर्यंत चालवायचा, किल्ल्याखाली लावायचा आणि एसटीने परत यायचा.

"मग नेतोस कशाला?"

"भाऊ, गाडीवर असलो की लोक वळून बघतात. एसटीत कोण बघतं?"

*

खिसेकापू नाना दाढीला बसले, ते कापडाखाली हात एकमेकांत धरून. म्हणाले, "मोकळे राहिले की माझं ऐकत नाहीत."

उठताना त्यांनी माझा कंगवा परत दिला. "घे बाबा. कधी उचलला, मलाच कळलं नाही. अन् मला तर टक्कल आहे!"

*

एकाने मेहुण्याचं डोकं फोडलं होतं. "मला बघून हसला तो!"

हवालदार म्हणाले, "अरे, तो मोबाईलवर व्हिडिओ बघून हसत होता."

माणूस आरशात बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हे मला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही."

*

समुपदेशनाच्या मॅडम सांगत होत्या, राग लहानपणापासून साठत जातो. एक कैदी उठला. "मॅडम, माझं अन् भावाचं लहानपण एकच. एका ताटात जेवलो. तो तलाठी झाला!"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "म्हणून तर प्रत्येकाला वेगळं विचारावं लागतं," म्हणाल्या.

मलाही हसू आलं नाही. मी आणि दादाही एकाच ताटात जेवलोय.

*

परवा दादा खुर्चीत बसला. मी त्याच्या मानेवर पाणी मारलं आणि विचारलं, "दादा, का?"

तो कटिंग संपत आली तेव्हा म्हणाला, "बांधाकडची केळीची एक ओळ राहिली होती. तिला पाणी देतो का रे तो?"

जेलमधून निघालो तो सरळ सुकदेवच्या घरी गेलो. त्याने ओट्यावरूनच विचारलं, "सांगितलं का कारण?"

मी दादाचं तेवढंच वाक्य सांगितलं.

सुकदेव पायात चपला सरकवून पाण्याची मोटार चालू करायला शेताकडे निघाला.