चतुर्थीचा बबल टी

काशीला गेले की मी देव नंतर बघते, आधी रामघाटावर ताईकडे जाते. माझी थोरली बहीण. लग्न होऊन तिथे गेली त्याला जन्म लोटला. सासर वेदपाठशाळेतलं, सोवळं कडक.

यंदा गेले तर घरात ताईचा आणि तिच्या नातीचा अबोला. नातीनं विद्यापीठाजवळच्या बबल टीच्या दुकानात नोकरी धरलेली. दुकान एवढं प्रसिद्ध, की बाहेरगावची पोरंही तिथे येऊन फोटो काढतात म्हणे. महिनाभर शिकाऊ म्हणून केलं, आता मालक कायम करतो म्हणाला. तिचे वडील म्हणाले, "आजी म्हणेल तसं." आणि आजीचं एकच, "आपल्या घरातली पोरगी लोकांचे उष्टे ग्लास उचलणार?"

मी म्हटलं, "ताई, न बघता कसला निकाल देतेस? चल. मला तो चहा प्यायचाच आहे."

ती तयार झाली, पण दिवस निवडला संकष्टीचा. मी काय ओळखत नाही तिला! उपास म्हटलं की दुकानातलं तोंडात घालायला नको.

मैदागिनच्या चौकापर्यंत गल्ल्यांतून चालत, पुढे बॅटरीच्या रिक्षात धक्के खात पोचलो. दुकान काचेचं, गारेगार, पोरापोरींनी भरलेलं. काउंटरमागे नात टोपी घालून उभी. आम्हाला बघून तिचा चेहराच उतरला.

माझा ग्लास आला. तळाशी काळे मणी, आणि नळी केवढी जाड! ताई वाकून म्हणाली, "शेळीच्या लेंड्या दिसतायत."

मी घोट ओढला तर मणी थेट घशात. खोकले, हसले, दुसरा नीट चावला. आणि कळलंच की हो! जन्मभर साबुदाणा भिजवलेली बाई मी.

"ताई, हा साबुदाणा आहे."

"काळा?"

"मावशीआजी सही बोल रही है," नात म्हणाली. "त्याच कंदाच्या पिठाचे असतात, आजी. मी शिजवून गुळात मुरवते, म्हणून काळे."

"ऐक, ताई. साबुदाणा, गूळ, दूध, चहा. यातलं उपासाला काय चालत नाही, सांग!"

ताई काउंटरकडे वळली. नातीला म्हणाली, "पातेलं?"

"रोज सकाळी मीच घासते. मगच चढवते."

तेवढ्यात समोरच्या रांगेतला एकजण वैतागला, "दीदी, और कितना टाइम?" नातीनं नव्या घाण्यातला एक मणी पळीवर घेतला, बोटांत दाबला, पुन्हा झाकण ठेवलं.

"बीच में कच्चा है, भैया. नहीं दूँगी."

"अरे, चलेगा!"

"मेरे यहाँ नहीं चलेगा."

ताई टक लावून बघत होती. तिच्या स्वयंपाकघरातही कच्चं कधी पानात पडलेलं नाही. मग हळूच म्हणाली, "झाला की मलाही एक आण. साखर बेताची."

ग्लास आला. ताईनं एकेक मणी दाढेखाली घेऊन सावकाश चावला. तोवर नात जागची हलली नाही.

"दुपारी काय खातेस इथे?"

"कभी मोमो. कधी काहीच नाही."

"उद्यापासून डबा नेशील. आणि ग्लास उचलताना हातमोजे घाल."

"मतलब... हाँ?" नात माझ्याकडे बघून पुटपुटली.

ताईनं तोंडातली नळी काढली नाही, नुसती मान हलवली. तळाचा मणी काही वर येईना, म्हणून तिनं नळीतून असा सुर्रकन घोट ओढला, की शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली.