पाळीबरोबर येणारी सूज

"कुणी मारलं हिला? खरं बोला!"

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्या नवऱ्यावर ओरडल्या. तो हात जोडून उभा. झोपलेल्या मांजरालाही वळसा घालून जाणारा माणूस! मला सांगायचं होतं, पण ओठ असे सुजलेले की माझ्याआधी तेच जाऊन पलंगावर पडले.

अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं झाली. सूज हलेना. मग बाईंनी विचारलं, "नवीन काही गोळ्या?" पाळी वेळेवर यावी म्हणून सुरू केल्या होत्या. तशी दर पाळीला हातांवर सूज यायचीच. एकदा बांगड्या कापाव्या लागल्या. "घरात आणखी कुणाला?" आईला. गळा सुजूनच ती गेली. गावानं करणी म्हटलं.

बाईंनी गोळ्या बंद केल्या. रक्त मुंबईला गेलं. आमच्या उमरीहून अख्खी गल्ली मला बघायला आली, निम्मी जीपच्या टपावर बसून. पण आपल्यालाही लागण होईल म्हणून दारातूनच परतली. नवऱ्याची रजा संपली. मी भिंतीवरच्या पंख्याशी बोलायचे. तो नाही-नाही म्हणत मान हलवायचा.

सूज उतरली, रिपोर्ट आला. हेरिडिटरी अँजिओएडेमा. म्हणजे सूज आवरणारं रक्तातलं प्रोटीन नीट काम करत नाही, आणि हे आईबापाकडून लेकरांत येतं. "गोळ्यांतल्या इस्ट्रोजेननं, म्हणजे बायकांच्या हार्मोननं, सूज भडकते," बाई म्हणाल्या. "पाळी, गरोदरपण, पाळी जातानाचा काळ, जपा. गळा सुजला तर लगेच दवाखाना." बायांनो, त्या भल्या बाईंनी विचारलं म्हणून मी आहे. तुम्हाला कुणी विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा.

मला आक्काची लेक, लातूरची भाची स्नेहल आठवली. दर पाळीला पोट फुगून ओकाऱ्या; बाई म्हणाल्या होत्या, ही सूज आतड्यांतही येते. आणि लग्न ठरल्यापासून त्याच गोळ्या! मी तशीच लातूरला गेले.

"हळू बोल!" आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, दार लावलं. "तारीख धरलीय. खानदानी रोग हाय म्हणून गावभर सांगून राहिलीस का? लग्न होऊ दे, मग बघू."

"आईचा गळा विसरलीस?"

ती माझ्यापुढं चहा ठेवून आत गेली. एवढ्या मोठ्या तोंडाची मी, आणि समोर ऐकायला नुसती कपबशी.

शेवटी आतल्या खोलीच्या पडद्याकडं बघून ओरडलेच, "स्नेहल, ऐकलंस का? डॉक्टरकडं चलतीस, रक्त तपासायला?"

"ऐकलं, मावशी. चप्पल घालते."