गोळीची डोकेदुखी

२००७ च्या जुलैत, धानाची रोवणी चालू असताना, बायकोच्या डोक्याच्या स्कॅनसाठी मी अडीच हजार रुपये काढून ठेवले. घरात आम्ही दोघे आणि आई होतो. बायकोच्या ओठावरच्या फोडांसाठी डॉक्टरांनी दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या सुरू झाल्यापासून तिचे डोके फार दुखत होते. तिच्या वडिलांचा शेवटचा आजार डोकेदुखीनेच सुरू झाला होता, म्हणून नागपूरला जाऊन स्कॅन करायचे ठरवले.

नागपूरला जाण्याआधी डॉक्टरांना पुन्हा दाखवले.

"या गोळीनं काहींचं डोकं दुखते. पाणी कमी पडलं तर जास्तच. भरपूर प्या म्हटलं होतं ना?"

"सांगाले काय जाते, डॉक्टरसाहेब! दिवसभर बांधीत धान रोवून राहिलो आमी बाया. पाणी पेलो, त मंग जावं कुठं? आडोसा हाय का तिथं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. शेत माझेच होते.

ती दोन दिवस घरी राहून पाणी पीत राहिली. दुखणे उतरले, गोळ्या संपल्यावर पूर्ण थांबले. नागपूरला जावे लागले नाही. रोवणी अजून बाकी होती. बांधाच्या कडेला आडोसा करण्यासाठी बांबूचे चार तट्टे घेतले आणि बुरडाला तीनशे रुपये दिले.