भट्टीकडची बाजू

बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या फाटकावर ते पहारेकरी होते. गल्लीतली पोरं त्यांना 'थांबाकाका' म्हणत, कारण त्यांच्या तोंडून हाच शब्द सगळ्यात जास्त ऐकू यायचा. चेंडू आत गेला तर काका स्वतः आणून, नळाखाली खसाखसा धुऊन परत देत. पोराला मात्र आत पाऊल टाकू देत नसत.

त्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. मालकाने गाशा गुंडाळला, यंत्रं भंगारात गेली, शिसं मातीत राहिलं. जमीन पालिकेच्या ताब्यात आली, तिच्याबरोबर काकाही. घरी आले की बूट दाराबाहेर काढायचे आणि कपडे वेगळ्या बादलीत टाकायचे, हा काकांचा नेम. काकू म्हणायच्या, "लग्न माझ्याशी केलंत, पण संसार त्या फाटकाशी करताय!" काका हसून सोडून द्यायचे. फाटकाजवळची पहाऱ्याची खोली, एक रेडिओ आणि दुपारी दारात ताणून देणारं मांजर, एवढ्यावर गडी खूश होता.

मग त्या जमिनीवर गल्लीतल्या लोकांसाठी घरं बांधायचं पालिकेने ठरवलं आणि पालिकेच्या इंजिनिअर बाई आल्या. जागोजागी भोकं पाडून त्यांनी माती तपासायला नेली आणि काही महिन्यांनी शाळेच्या हॉलमध्ये गल्लीची सभा बोलावली. नकाशावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "रस्त्याकडच्या बाजूला शिसं फक्त वरवर आहे. तिथली माती काढून नवी टाकू आणि घरं बांधू. भट्टीकडे मात्र ते खोलवर मुरलंय. तिथे चिकणमातीचा जाड थर देऊन जमीन बंद करायची, वर चांगली माती टाकून झाडं लावायची. घरं नाहीत."

म्हणजे घरं निम्म्यावर आली. कोपऱ्यावरचा शिंपी ताडकन उठला. "माझ्याकडे एक खोली, दोन मुलं, दोन सुना. आम्ही काय झाडावर राहायचं?"

हॉलमध्ये हशा पिकला.

"शिसं लहान मुलांना फार बाधतं," बाई म्हणाल्या. "ते डोळ्यांना दिसत नाही, पण..."

"जे दिसतच नाही, त्याच्यासाठी आमची घरं कापता?" शिंपी ओरडला.

एकच गलका झाला. बाईंचा आवाज कुणाला ऐकू जाईना. दाराशी उभ्या असलेल्या काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थांबा!"

हॉल चिडीचूप झाला. सगळ्यांत जास्त दचकले ते काका. आता सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या. बोलणं भाग होतं.

"मला यातलं शास्त्र कळत नाही," ते म्हणाले. "पण माझा नातू सुट्टीला येतो. आत काय आहे ते दाखवा म्हणून माझ्या पायाला मिठी मारून रडतो. मी त्याला एकदाही आत नेलेलं नाही. भट्टीकडे जाताना मी स्वतः तोंडाला फडकं बांधतो. शिंपीदादा, तुमच्या धाकट्या सूनबाईंना दिवस गेलेत. ते बाळ उद्या तिथल्या फरशीवर रांगेल."

शिंप्याने खाली पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मग आम्ही जायचं कुठे, तेवढं सांगा की."

"ते मला नाही सांगता येणार. ते बाईंना विचारू."

लोकांनी विचारलं, आणि या वेळी उत्तर ऐकूनही घेतलं. रस्त्याकडच्या इमारती आणखी उंच करता येतील का, हे तपासून बघायचं बाईंनी कबूल केलं. त्यात बरेच दिवस गेले, पालिकेत वादावादी झाली, पण मजले वाढले. तरी सगळ्यांना घरं मिळाली असं नाही. काही कुटुंबं दुसऱ्या वस्तीत गेली. घरं काकांमुळेच कमी झाली असं समजून शिंप्याने सभेनंतर त्यांच्याशी अबोला धरला होता. पण बाळ जन्मल्यावर स्वतःच पेढ्याचा पुडा घेऊन फाटकाशी आला आणि म्हणाला, "मुलगी झाली. तोंड गोड करा, काका."

सफाई सुरू झाली तेव्हा काकांना नवं काम मिळालं. मातीने भरलेला प्रत्येक ट्रक झाकलाय की नाही, चाकं धुतलीत की नाही, ते बघायचं. ड्रायव्हर घाई करायचे. काका पाण्याचा पाइप त्यांच्याच हातात द्यायचे. धूळ बसवायला दिवसभर पाणी मारलं जायचं, आणि धुळीच्या भीतीने बंद ठेवलेली काकूंची कारखान्याकडची खिडकी बऱ्याच वर्षांनी उघडी राहू लागली.

आता काका निवृत्त झालेत. नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांना दोन खोल्या मिळाल्यात. भट्टीकडची झाडं अजून कमरेएवढीच आहेत. काका सकाळी तिकडे फेरी मारून येतात आणि मग दिवसभर काकूंच्या पायांत पायांत करतात. डबे हलवतात, गॅस बारीक करतात, भाजी कशी चिरावी ते सांगतात.

"अहो, जरा बाहेर जा ना," परवा काकू म्हणाल्या.

"आत्ताच तर आलो," म्हणत काकांनी खिडकीजवळ खुर्ची ओढली आणि दुसरा चहा मागितला. काकूंनी कपाळावर हात मारला आणि दोघांसाठी आधण ठेवलं.