पायरॉक्सीन आणि छबूबाईचा ढीग

छबूबाई खर्ड्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात पारनेरला बहिणीकडे आली आणि आमच्या दुष्काळी कामावर खडी फोडू लागली. अपमान विसरणं तिला जमत नसे. एका चुलतसासऱ्याशी ती अकरा वर्षं बोलली नव्हती. तो वारला तेव्हासुद्धा आधी अबोल्याचं कारण सांगितलं, मग रडली.

खडी समोरच्याच टेकडीच्या दगडाची हवी, असा नियम होता. मुकादम श्रीमंतला ही परगावची बाई खुपायची. तिच्या दगडात काळे चमकते दाणे दिसले आणि त्याला निमित्त मिळालं.

"ह्यो दगड हितला न्हाई. बाई बी बाहेरची, दगड बी बाहेरचा."

आठ दिवस फोडलेला ढीग त्यानं कोरड्या ओढ्यात लोटला. शनिवारी मापाला ढीग नसला की हजेरीतलं नाव कटणार.

ती हजेरी मी लिहायचो. नगरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र नापास होण्यापुरतं शिकलो होतो.

"मावशी, ह्या दाण्यांना पायरॉक्सीन म्हणतात. ग्रीक नाव आहे, म्हणजे आगीतला परका. एका फ्रेंच विद्वानाला वाटलं, लाव्हारसात हे चुकून बाहेरून पडले. खरं तर ते त्याच रसात तयार झालेले, तो जमिनीवर यायच्याही आधी. पण नाव पडलं ते पडलंच."

"म्हंजी त्यो बी मुकादमच हुता!"

"त्यानं कुणाचा ढीग लोटला नाही."

"मंग ह्या टेकडीच्या समद्याच दगडात हे दाणे?"

"सगळ्याच."

छबूबाई हसली. त्या हसण्यानं मलाच मुकादमाची काळजी वाटली.

शनिवारी ओव्हरसियरसाहेब मापाला आले. छबूबाई हातोडा घेऊन थेट मुकादमाच्या बायकोच्या, केशरबाईच्या, ढिगापाशी बसली आणि एकेक दगड फोडून दाणे दाखवू लागली.

"सायेब, बाहेरचा म्हनून मुकादमानं माजा ढीग वड्यात लोटला. ह्यो बी बाहेरचा. ह्यो बी. लोटा वड्यात!"

साहेबांनी दगड हातात फिरवला. "अहो, टेकडीच अशी आहे. बाई, तुमचाही ढीग कागदावर धरतो."

"कागदावर नगं. ज्यानं लोटला, त्यानंच आनायचा. न्हाईतर केशरबाईचा बी लोटा."

केशरबाईनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. मुकादमानं मुकाट्यानं घमेलं उचललं. सगळ्या कामावरचे हातोडे थांबले. भर उन्हात तो डोक्यावरून खडी आणत राहिला.

"पुरे. माप भरलं," साहेब म्हणाले. मी तिच्या नावापुढे खूण केली.

छबूबाई ओढ्याच्या काठावरून हलली नाही.

"मुकादम, खाली आजून हाय की. त्यो बारका बी माजाच."