तो खोकला माझा नव्हता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, रूमवरच्या प्रियाला नाही — आणि प्रियाला तर मी सकाळी दात घासले की नाही तेसुद्धा सांगते. तुला सांगतेय. मध्येच थांबले तर थांबू दे. आत्ताच एकदा उठून उगाच पाणी पिऊन आले, तहान नव्हती.

मला नकला येतात, हे तुला माहीत आहे. खोपोलीच्या शाळेत हेडसरांचा आवाज काढून मी एक अख्खा वर्ग घरी सोडला होता. कर्जतला नर्सिंगला आले, तर तिथे आमच्या मॅडम सापडल्या. "आरोग्य म्हणजे केवळ आजार नसणे नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य" — ही व्याख्या मी त्यांच्याच आवाजात, चष्मा नाकावर सरकवत म्हणायचे. मेस अख्खी हसायची. 'सामाजिक' म्हणजे नक्की काय, हे मात्र मी कधी स्वतःला विचारलं नाही. कशाला विचारायचं? पेपरात व्याख्याच येते.

दुसऱ्या वर्षी आमची पोस्टिंग खालापूर बाजूला, हायवेजवळच्या एका गावात लागली. नाव नाही घेणार गावाचं. आता तरी नाही घेणार.

तिथे सुनंदाताई होत्या, गावच्या आशा सेविका. त्यांनी एका माणसाला कसंबसं तपासणीला आणलं होतं. मी त्यांना दादा म्हणते इथे. कुंभिवलीला हायवेच्या कडेला एका मालकाच्या गाडीवर ते वडे तळायचे. साजगावच्या कंपन्यांतली पोरं शिफ्ट सुटली की तिथेच तुटून पडायची. दादांचा खोकला जातच नव्हता. ताई किती वेळा घरी गेल्या असतील कोण जाणे. शेवटी एकदाचे आले, पण दवाखान्याच्या दारातच अडले.

"ताई, गावात कळला ना, तर माझा वडा कुत्रा पन खानार नाय."

"माझ्याकडनं एक शब्द बाहेर जानार नाय, दादा. तुमी आत तर या."

बेडक्याची डबी त्यांच्या हातात मी दिली. शेजारीच उभी होते. आधी दोन सुके ठसके, मग छातीच्या तळातून ओढून काढलेला एक लांब, आणि शेवटी "आयला" म्हणत मिशी पुसणं. तू काय ऐकलं असतंस? आजार. मी काय ऐकलं? आयटम. परत येताना टेंपोत मी तो खोकला बसवला. प्रिया हसून हसून सीटवरून घसरली. पेशंट कोण, ते मी तिला सांगितलं नाही. एवढं शहाणपण होतं बघ माझ्यात.

रिपोर्टमध्ये टीबी निघाला. सोमवारपासून गोळ्या सुरू करायच्या होत्या. आणि त्याआधीच्या शनिवारी आमचं पथनाट्य होतं — टीबी कसा टाळावा, तोंडावर रुमाल धरा, लवकर तपासा. मी म्हातारा पेशंट. प्रॅक्टिसला मी साधाच खोकत होते. देवाशप्पथ साधाच.

पण त्या दिवशी लोक हसेनात. बायका आपापसात बोलत होत्या, पोरं ढकलाढकली करत होती. लोक हसले नाहीत की मला कसंतरी होतं — हात शिवशिवतात. तर मी तो खोकला काढला. दोन सुके, एक लांब, "आयला", मिशी. वर हातात नसलेला झारा धरून कढईतला वडा उलटला.

एक पोरगं ओरडलं, "आरं, ह्यो तर वडेवाला!"

आणि मग काय हसले लोक! असं हसू मला आजवर मिळालं नव्हतं.

इथपर्यंतचं कदाचित मी कुणाला सांगितलंही असतं. चुकून झालं, भान राहिलं नाही, वगैरे. पण खरं ते पुढे आहे — आणि तिथे आलं की मी विषय बदलते, नाहीतर पाणी प्यायला उठते. नाही उठत आता.

दादा तिथे होते. मागे, भिंतीला टेकून. ताईंनीच बोलावलं असणार, ऐकायला बरं म्हणून. त्यांचा चेहरा लाल झाला होता, ओठ घट्ट मिटलेले. खोकला आत दाबून धरला होता त्यांनी. मला दिसले ते. नजरेला नजर भिडली. आणि मी —

मी तो खोकला परत काढला. त्यांच्याकडे बघत. आणखी लांब, आणखी मोठा. कारण हसू ओसरायला लागलं होतं.

ते निघून गेले. सोमवारी आले नाहीत. ताई घरी गेल्या तर म्हणाले, "माला काय झाला नाय." मालकाने त्यांना गाडीवर यायला बंदी केली. मग बायकोला घेऊन ते ठाकुरवाडीकडे बहिणीच्या घरी जाऊन राहिले. गावाने ठरवलं, सुनंदाताईंनीच आम्हा पोरींना सांगून बोंब मारली. बायका त्यांना काही सांगेनाशा झाल्या, दार अर्धंच उघडायच्या. मॅडमनी आम्हाला उभं करून विचारलं, पेशंटची गोष्ट बाहेर कोणी काढली? मी डोळे मोठे केले. निरागस आवाज मला उत्तम जमतो. म्हटलं, "मॅडम, तो माझा नेहमीचाच खोकला आहे." बोलणी ताईंनी खाल्ली. मी शेजारीच उभी होते.

पावसाळा संपता संपता दादा परत आले. अंगावर शर्ट नुसता लटकत होता. ताईच घेऊन आल्या होत्या, दुसरं कोण आणणार? गोळ्या सुरू झाल्या. मग घरच्यांची तपासणी केली, तर त्यांच्या बायकोच्याही बेडक्यात टीबी निघाला.

त्या मावशींना पहिल्या गोळ्या द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी गोळ्या हातात घेतल्या, उलटसुलट करून बघितल्या. मला त्या ओळखत नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "पोरी, मी तर कंदी वंगाळ काय खाल्ला नाय, घर पन सवच्छ ठेवते. मग माला कशापायी झाला गं?"

"हवेतून पसरतो, मावशी," मी म्हटलं.

ते खरंच होतं. पेपरात लिहिलं असतं तर पूर्ण मार्क मिळाले असते. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या असत्या तर कदाचित त्यांच्यापर्यंत पोचलाही नसता, हे मला ठाऊक होतं. दादांना त्या गोळ्यांपासून कोणी लांब ठेवलं, तेही ठाऊक होतं. मी ग्लासात पाणी ओतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. मावशी मला "सुखी राव्ह" म्हणाल्या.