घाटावरचा चकचकीत चाकू

श्रीमंत पेशव्यांच्या फडावर, म्हणजे दफ्तरात, बोरू झिजवायला निघण्याआधी मी रोज मुठेच्या घाटावर अंघोळीला जाई. तिथे एक गृहस्थ भेटत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या चाकूला मात्र सगळा घाट ओळखत होता.

अंगावर पाणी घेण्याआधी ते कनवटीचा मिटता चाकू काढत. पातं राखेनं घासत, पांढऱ्याशुभ्र उपरण्यानं कोरडं करत, बिजागरीत तिळाच्या तेलाचा थेंब सोडत आणि उघडझाप करून कान लावून ऐकत. मग दातणाची काडी कापायला माझा चाकू मागत. "माझा खराब होईल हो," म्हणत. एवढे लाड आणि काम काहीच नाही, असं नशीब आमच्या फडावर फक्त मोठ्या कारभाऱ्यांचं होतं.

एकदा गवळणीचं वासरू पाण्यात घसरलं आणि त्याचं दावं खडकात अडकलं. त्याच्या नाकातोंडात पाणी जाऊ लागलं. "अवं, चाकू द्या की कुनीतरी!" गवळण ओरडली. गृहस्थ सर्वांत जवळ होते. त्यांनी चाकू उघडला, चिखलानं माखलेलं दावं पाहिलं आणि चाकू पुन्हा मिटला. शेवटी मीच पाण्यात उतरून माझ्या बोथट पात्यानं दावं घासून घासून तोडलं. वासरू वाचलं.

मी वर आलो तसे गृहस्थ जवळ आले. "स्वच्छ फडक्यानं लगेच पुसा," ते म्हणाले, "नाहीतर गंज चढेल."

सल्ला बिनतोड होता. सबंध घाटावर त्यांच्या उपरण्याइतकं स्वच्छ फडकं दुसरं नव्हतं. मी चाकू त्यालाच पुसला.